तीन वर्षे, पण कशाची?



खालच्या कोर्टात न्यायाधीश व्हायला काय पात्रता लागते, हा विषय आपल्या बैठकांत सहसा निघत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा एखादा वाईट निकाल आला की आपण पत्रके काढतो, निदर्शने करतो, वर्तमानपत्रांना पत्रे लिहितो. ते करायलाच हवे. पण गोरेगावच्या भगतसिंग नगरमधली किंवा संतोष नगरमधली बाई मार खाऊन घराबाहेर पडते, तेव्हा तिची गाठ दिल्लीशी पडत नाही. तिची गाठ पडते मॅजिस्ट्रेटशी. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज मॅजिस्ट्रेटपुढे. नवऱ्याने, सासरच्यांनी छळ केल्याची फिर्याद पोलिसांनी नोंदलीच, तर तो खटलाही मॅजिस्ट्रेटपुढे. पोटगीचा वेगळा अर्ज किंवा घटस्फोट असेल तर मुंबईत कौटुंबिक न्यायालय. त्यावर अपील असते, उच्च न्यायालय असते, सगळे असते. पण तिथवर जायला पैसा, वकील आणि दम लागतो, आणि बहुतेकींचा दम पहिल्याच पायरीवर संपतो. म्हणून आपल्याकडे येणाऱ्या बायकांच्या दृष्टीने खालचे कोर्ट हेच शेवटचे कोर्ट असते.

त्या कोर्टात खुर्चीवर कोणी बसायचे, याचा नियम २०२५ साली बदलला. या बदलाची चर्चा वकिलांत झाली, कायद्याच्या विद्यार्थ्यांत झाली, स्पर्धा-परीक्षांच्या क्लासमध्ये झाली. आपल्यात झाली नाही. ती व्हावी म्हणून हा लेख.

नियम काय होता, काय झाला

राज्यघटनेच्या २३३ व्या कलमाप्रमाणे थेट जिल्हा न्यायाधीश व्हायचे तर किमान सात वर्षांची वकिली लागते. त्याखालच्या न्यायाधीशांच्या नेमणुका २३४ व्या कलमाखाली, लोकसेवा आयोग आणि उच्च न्यायालय यांच्याशी विचारविनिमय करून राज्यपाल करतात. सर्वांत खालचे पद म्हणजे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. मुंबईत यांना आपण ‘मेट्रोपॉलिटन मॅजिस्ट्रेट’ म्हणत होतो. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली आणि ते वेगळे पद कायद्यातून गेले.

या सर्वांत खालच्या पदासाठी आधी वकिली हवी की नको, यावर सर्वोच्च न्यायालयाचेच मत दोनदा फिरले आहे. ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या खटल्यात १९९३ साली न्यायालय म्हणाले की किमान तीन वर्षांची वकिली हवीच. २००२ साली, शेट्टी आयोगाच्या अहवालानंतर, त्याच संघटनेच्या खटल्यात न्यायालयाने ही अट काढून टाकायला सांगितले. कारण असे दिले की तीन वर्षे वकिली केलेली हुशार मुले मग या नोकरीकडे वळत नाहीत; त्यापेक्षा ताज्या पदवीधरांना घ्यावे आणि चांगले प्रशिक्षण द्यावे. आणि २० मे २०२५ रोजी, पुन्हा त्याच संघटनेच्या खटल्यात, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. मसीह आणि न्या. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठाने ती अट परत आणली. तीन वर्षे वकिली केल्याचा दाखला हवा. तो दाखला त्या कोर्टाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याने द्यायचा, किंवा किमान दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाने देऊन त्या अधिकाऱ्याने त्यावर शिक्कामोर्तब करायचे. न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून केलेले काम या तीन वर्षांत धरले जाईल. निवड झाल्यावर कोर्ट चालवायला घेण्याआधी एक वर्षाचे प्रशिक्षण राहीलच. ज्या भरतीची जाहिरात आधीच निघाली होती, तिला ही अट लागू नव्हती.

महाराष्ट्रात २००८ च्या न्यायिक सेवा नियमांत दोन्ही दारे होती. एक दार तीन वर्षे वकिली केलेल्यांसाठी, वय पस्तिसापर्यंत. दुसरे ताज्या पदवीधरांसाठी, वय पंचविसापर्यंत. मात्र कायद्याच्या सगळ्या परीक्षा पहिल्याच प्रयत्नात पास आणि शेवटच्या वर्षी किमान ५५ टक्के गुण. (कोर्टातल्या आणि विधी खात्यातल्या कर्मचाऱ्यांसाठी एक तिसरे दारही होते.) पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत या चाळण्या सगळ्यांना सारख्याच. मराठी अस्खलित लिहिता-बोलता आले पाहिजे, ही अटही सगळ्यांना.

२०२५ च्या निकालाचा रोख यातल्या दुसऱ्या दारावर होता. निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून अर्जही झाले. हा नियम दोनदा फिरला आहे, तो पुन्हाही फिरेल. म्हणूनच न्यायालय आज काय म्हणते एवढ्यावर न थांबता, आपल्याला काय हवे हे आपण ठरवले पाहिजे.

अनुभवाची बाजू

ही अट म्हणजे सरळ सरळ बायकांविरुद्धचा कट, असे मी म्हणणार नाही. देशातल्या बहुतेक उच्च न्यायालयांनी अट परत आणायला पाठिंबा दिला. त्यांचे म्हणणे असे की पुस्तकी ज्ञानावर न्यायाधीश झालेली तेवीस-चोवीस वर्षांची मुले कोर्टात गोंधळतात, आणि पहिल्या दिवसापासून त्यांच्या हातात लोकांचे स्वातंत्र्य, मालमत्ता आणि अब्रू असते.

बायकांसोबत कोर्टात बसून मी जे पाहिले, त्यावरून हे म्हणणे अगदीच खोटे आहे असे मला वाटत नाही. शहरातल्या एका कोर्टात नव्याने आलेले एक मॅजिस्ट्रेट होते. वागायला सभ्य, अर्ज नीट वाचणारे. पण नवऱ्याच्या बाजूचे मुरलेले वकील उभे राहिले, आवाज चढवला, की ते लगेच पुढची तारीख देत. वकीलपत्र दाखल करायला तारीख, उत्तर द्यायला तारीख, सिनियर दुसऱ्या कोर्टात आहेत म्हणून तारीख. आमची बाई चार घरची कामे बुडवून यायची आणि तारीख घेऊन परत जायची. कायदा सांगतो की हिंसाचाराच्या अर्जाची पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत ठेवा आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करा. त्या मॅजिस्ट्रेटना हे माहीत नव्हते थोडेच! पण समोरच्या काळ्या कोटाला ‘नाही’ म्हणायचा धीर पुस्तकातून येत नाही. तो कोर्टात उभे राहूनच येतो. वकिली केलेल्या माणसाला कोणती सबब खरी आणि कोणती चालढकल हे लगेच कळते, हे मान्य केले पाहिजे.

तेव्हा अनुभव लागतो, याबद्दल वाद नाही. माझे प्रश्न दोन आहेत. तो अनुभव कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या छत्राखाली घ्यायचा? आणि तो अनुभव कशाचा?

तीन वर्षे कोणाला परवडतात?

आमच्या केंद्रात मदतीला येणारी एक मुलगी आहे. आई घरकाम करते, वडील नाहीत. घराण्यात पदवी घेणारी ती पहिली. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम तिने पूर्ण केला, एकाही विषयात न अडकता. तिला न्यायाधीशाची परीक्षा द्यायची होती. आता ती फोर्टमधल्या एका वकिलांकडे ज्युनियर आहे. सुरुवातीचे काही महिने तिला मिळाला तो फक्त ट्रेनचा पास. सकाळी आठची गाडी, दिवसभर कोर्ट, संध्याकाळी चेंबर, आणि गोरेगाव स्टेशनला उतरेपर्यंत रात्रीचे साडेनऊ-दहा. आई म्हणते, “अगं, शिकून पण बिनपगारीच राबायचं, तर माझ्यात आणि तुझ्यात फरक काय?” याचे उत्तर मला देता आलेले नाही.

ज्युनियर वकिलांना पैसे मिळत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे असे सुचवले. सुचवले, बंधनकारक केले नाही. ज्याच्या बापाचे चेंबर आहे, काकांची प्रॅक्टिस आहे, त्याची तीन वर्षे सहज निघतात. जिच्या घरात वकील सोडाच, पदवीधरही नाही, तिने तीन वर्षे खायचे काय? यात दलित, आदिवासी, मुस्लिम मुली आल्या, खेड्यातून आलेल्या मुली आल्या, अपंग मुली आल्या. म्हणजे न्यायाधीशाच्या खुर्चीवर ज्यांना बसलेले बघावे असे आपण इतकी वर्षे म्हणत आलो, त्याच सगळ्याजणी.

आता वयाचा हिशोब करा. अठराव्या वर्षी बारावी, तेविसाव्या वर्षी पदवी, पुढे तीन वर्षे वकिली म्हणजे सव्वीस. मग जाहिरात निघायची, पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत, नेमणूक, यात वर्ष-दोन वर्षे सहज जातात. म्हणजे अठ्ठावीस. मुलगा असेल तर घरचे म्हणतात, “करतोय ना अभ्यास, करू दे.” मुलगी असेल तर चोविसाव्या वर्षापासून स्थळे येऊ लागतात. लग्नानंतर सासरचे बिनपगारी ज्युनियरशिप करू देतील का? मूल झाले तर त्या महिन्यांत वकिली थांबते. ते महिने तीन वर्षांत धरणार की नाही? कागदावर ही अट स्त्री-पुरुष दोघांना सारखीच आहे. पण तिचा भार दोघांवर सारखा पडत नाही.

आकडे काय सांगतात तेही पाहू. देशात नाव नोंदवलेल्या वकिलांत स्त्रियांचे प्रमाण साधारण १५ टक्के आहे. सर्वोच्च न्यायालयाच्याच संशोधन केंद्राने २०२३ साली दिलेल्या आकडेवारीप्रमाणे जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांत स्त्री न्यायाधीश होत्या ३६.३ टक्के. वकिलांत शंभरात पंधरा आणि खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशांत शंभरात छत्तीस, हा फरक आला कुठून? काही राज्यांतल्या आरक्षणाचा त्यात वाटा आहे. पण मोठा वाटा लेखी परीक्षेचा आहे, असे मला वाटते. परीक्षेच्या पेपरवर नाव नसते. तिथे सिनियरची ओळख लागत नाही, बाररूममध्ये ऊठबस लागत नाही, अशिलाने “बाई वकील नको” म्हणायचा प्रश्न येत नाही. मुली अभ्यास करतात आणि पास होतात. जिथे निवड ओळखीपाळखीवर चालते, त्या वरच्या कोर्टांत स्त्रिया किती दिसतात ते आपण पाहतोच. परीक्षेचे दार हे आपल्या मुलींचे दार होते, आणि त्याच्याच उंबऱ्यावर आता तीन वर्षांचा अडसर आला.

चेंबरचे दार लागल्यावर

आणखी एक गोष्ट आहे. ती वकील मैत्रिणी खाजगीत सांगतात, उघड बोलत नाहीत. चेंबर ही बंद जागा असते. संध्याकाळी उशिरापर्यंत काम असते. सिनियर शब्द टाकेल त्यावर पुढचे काम अवलंबून असते. नव्या अटीमुळे त्यात दाखल्याची भर पडली. दाखला प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याकडूनही घेता येतो हे खरे. पण रोजच्या व्यवहारात मुलगी सिनियरकडेच जाणार.

या मुलीला तिथे त्रास झाला तर तिने कुठे जायचे? विशाखा निकालाला १९९७ पासून इतकी वर्षे झाली, २०१३ साली कायदाही झाला. पण जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की बार कौन्सिल आणि वकील यांच्यात मालक-नोकराचे नाते नाही, म्हणून त्या कायद्याखालची तक्रार समिती वकिलांसाठी नेमणे कौन्सिलवर बंधनकारक नाही. वकील कायद्याच्या ३५ व्या कलमाखाली गैरवर्तनाची तक्रार करता येते, ती वाट उघडी आहे. पण ती तक्रार चालणार वकिलांच्याच शिस्तपालन समितीपुढे.

ही दोन टोके एकत्र ठेवून पाहा. एकीकडे मुलींना सांगायचे की तीन वर्षे चेंबरमध्ये काढल्याशिवाय न्यायाधीश होता येणार नाही. दुसरीकडे त्या चेंबरमध्ये तक्रार समितीचे संरक्षण नाही. कारखान्यातल्या कामगार बाईसाठी समिती हवी म्हणून आपण झगडलो. उद्या जी दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकायला बसणार, तिची तक्रार ऐकायला कोणी नाही.

अनुभव कशाचा?

आता दुसरा प्रश्न. समजा तीन वर्षे कशीबशी काढली. त्यातून आपल्याला हवा तसा मॅजिस्ट्रेट तयार होतो का?

मुंबईचाच जुना दाखला घ्या. रखमाबाईंचा खटला. लहानपणी लावून दिलेले लग्न आपण मानत नाही, नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असे त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात सांगितले. १८८५ साली न्या. पिन्ही यांनी नवऱ्याचा दावा फेटाळला. अपिलात प्रकरण परत आले आणि १८८७ साली न्या. फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. न्यायालय तेच, बाई तीच. दोघेही न्यायमूर्ती अनुभवी. निकाल मात्र दोन टोकांचे.

मथुराची आठवण तर आपल्या चळवळीच्या जन्माशी जोडलेली आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सत्र न्यायालयाने तिच्याच चारित्र्याचा पंचनामा करून पोलिसांना सोडले. नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, कारण तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या. त्या न्यायमूर्तींना अनुभव कमी होता का? दशकांचा अनुभव होता. तिच्या जागी उभे राहून पाहणे तेवढे त्या अनुभवात नव्हते. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, तेव्हा कुठे देशाला ते दिसले.

मग बाई न्यायाधीश असली की पुरते का? तेही नाही. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाच्या एका महिला न्यायमूर्तींनीच असा निकाल दिला होता की कपड्यावरून केलेला स्पर्श हा बालकांविरुद्धच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखाली लैंगिक हल्ला ठरत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यामुळे निव्वळ बायकांची संख्या वाढवा, बाकी आपोआप होईल, असे मी म्हणत नाही. संख्या हवीच, कारण तो आपला हक्क आहे. पण त्याबरोबर समजही हवी.

ही समज म्हणजे काय, ते आपल्याला रोजच्या कामातून माहीत आहे. मोतीलाल नगरमधली खोली सासूच्या नावावर असते आणि सून म्हणते मला घरातून काढले. मॅजिस्ट्रेटला माहीत हवे की घर सासूचे असले तरी ते सामायिक घर ठरू शकते आणि सुनेला तिथे राहण्याचा हक्क मिळू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये आहुजा प्रकरणात तसे सांगितले आहे. नवरा रिक्षा चालवतो आणि उत्पन्न महिना सहा हजार सांगतो. मॅजिस्ट्रेटला माहीत हवे की दोन्ही बाजूंकडून मिळकतीचे प्रतिज्ञापत्र घ्यायचे असते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असते. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात नोव्हेंबर २०२० मध्ये हे ठरले. बाई तिसऱ्यांदा नवऱ्याकडे परत गेली आणि पुन्हा आली, म्हणून ती खोटी ठरत नाही. ती का परत जाते, हे मॅजिस्ट्रेटला कळायला हवे. मुले शाळेतून कोण आणणार, भाड्याची अनामत कोण देणार, माहेरी भावजय किती दिवस ठेवून घेणार, हे सगळे त्या परत जाण्यात असते.

यातले काय वकिलाच्या चेंबरमध्ये शिकायला मिळते? निकाल कदाचित मिळतील. कार्यपद्धती नक्की मिळेल. पण तिथे आणखीही काही शिकवले जाते. नोटीस चुकवायची कशी, उत्पन्न लपवायचे कसे, बाईला कंटाळवून तडजोडीला कसे आणायचे. ‘या केसेस खोट्याच असतात’ हे वाक्य तर रोज कानावर पडते. वीस-वीस वर्षे कोर्टात काढलेल्या एका न्यायाधीशांनी आमच्यासमोर एका बाईला सांगितले, “टाळी एका हाताने वाजत नाही.” तिच्या हातावर चटक्यांचे डाग होते. दुसऱ्या एका कोर्टात पहिलीच नेमणूक असलेल्या तरुण मॅजिस्ट्रेट बाईंनी संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल आमच्यासमोर पूर्ण वाचला, बाईला बसायला खुर्ची दिली आणि त्याच दिवशी तिला घरात राहू देण्याचा अंतरिम आदेश केला. या दोन प्रसंगांवरून मी नियम काढत नाही. पण वर्षे मोजून न्यायाधीश मापता येत नाही, एवढे यातून नक्की दिसते.

कायद्यात लिहिलेली एक पात्रता

पात्रतेच्या अटी निर्विकार असतात असे ज्यांना वाटते, त्यांनी १९८४ चा कौटुंबिक न्यायालय कायदा काढून वाचावा. चौथ्या कलमात लिहिले आहे की न्यायाधीश निवडताना विवाहसंस्थेचे रक्षण आणि जतन करण्याशी बांधिलकी असलेल्या व्यक्ती निवडल्या जाव्यात, म्हणून सर्व प्रयत्न करावेत. त्याच कलमात पुढे स्त्रियांना प्राधान्य द्यावे असेही आहे. म्हणजे न्यायाधीश बाई असावी, पण तिने संसार टिकवावेत! ही न्यायालये व्हावीत म्हणून स्त्री-संघटनांनीच मागणी केली होती. मिळाली तेव्हा अशी मिळाली. बाईचा जीव वाचवण्याशी बांधिलकी असावी, असे मात्र त्या कलमात कुठे नाही.

आणि चांगले उदाहरणही कायद्यातच आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे बाल न्याय मंडळात मॅजिस्ट्रेटबरोबर दोन समाजकार्यकर्ते बसतात. त्यात एक तरी स्त्री असलीच पाहिजे. मुलांसाठी सात वर्षे केलेले काम ही तिथे पात्रता मानली जाते. मंडळावरच्या मॅजिस्ट्रेटला किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. ही अट कुठे घातली आहे पाहा. सेवेत येताना नाही, नाजूक काम हाती देताना. हेच तत्त्व आपल्या विषयाला का लागू नये?

मग आपण काय मागावे?

माझी मते मांडते. त्यांवर वाद व्हावा.

पहिले, ताज्या पदवीधरांसाठीचे परीक्षेचे दार उघडे राहावे. त्यातली ‘सगळ्या परीक्षा पहिल्याच प्रयत्नात’ ही जुनी अटही जावी. आजारी आईला सांभाळताना, बाळंतपणात, एक पेपर राहिला म्हणून मुलगी आयुष्यभर नालायक ठरत नाही.

दुसरे, अनुभव हवा तर तो निवडीनंतर आणि पगारावर द्यावा. आपल्याकडे उत्तनला न्यायिक अकादमी आहे. एक वर्षाचे प्रशिक्षण पुरत नसेल तर दोन वर्षांचे करा. त्यातले काही महिने प्रत्यक्ष कोर्टात, काही महिने संरक्षण अधिकाऱ्याबरोबर, निवारागृहात, विधी सेवा प्राधिकरणात आणि पोलीस ठाण्यातल्या महिला विशेष कक्षात. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर १९८४ साली पहिला असा कक्ष सुरू केला. बाई कागदावर येण्याआधी तिचे काय झालेले असते, हे तिथे तीन महिने बसून कळेल.

तिसरे, वकिलीची अट ठेवायचीच असेल तर तीन वर्षांत स्त्री-आधार केंद्रात, कामगार संघटनेत, मोफत कायदा मदतीत केलेले काम धरावे. मृणालताई गोरे यांनी गोरेगावात ‘स्वाधार’ उभे केले, तशा केंद्रांत वर्षभर काम केलेल्या मुलीला न्यायमूर्तींकडे टिपणे काढणाऱ्या मुलापेक्षा कमी अनुभव असतो का? बाळंतपणाचे महिने वजा करू नयेत. ज्युनियरचे विद्यावेतन बंधनकारक करावे. आणि प्रत्येक कोर्टाच्या आवारात वकील स्त्रियांसाठी तक्रार समिती असावी; कायद्यात बसत नसेल तर कायदा बदलावा.

चौथे, हिंसाचाराचे आणि लैंगिक गुन्ह्यांचे काम अनुभवी आणि त्यासाठी वेगळे प्रशिक्षण घेतलेल्या न्यायाधीशांकडेच द्यावे. जामीन देताना आरोपीला पीडितेकडून राखी बांधून घ्यायची अट मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने घातली होती. ती रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये न्यायाधीशांना अशा प्रशिक्षणाची गरज सांगितलीच आहे. ते एका दिवसाचे व्याख्यान होऊ नये, परीक्षेचा विषय व्हावे.

पाचवे, कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या चौथ्या कलमातली विवाहसंस्थेशी बांधिलकी काढून तिथे समता आणि सुरक्षितता हे शब्द घालावेत.

आणि सहावे, आत आलेल्या मुलींना टिकू द्यावे. मध्य प्रदेशात २०२३ साली सहा महिला दिवाणी न्यायाधीशांना एकदम काढून टाकले होते. त्यातल्या शेवटच्या दोघींना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये परत घ्यायला लावले. त्यांच्यापैकी एकीचा कामावर असताना गर्भपात झाला होता, आणि तिचे काम मोजताना ते लक्षातही घेतले गेले नव्हते. दार उघडले तरी आतली जमीन अशी असेल तर कोण टिकेल?

हे सगळे वकिलांचे आणि न्यायाधीशांचे अंतर्गत प्रकरण आहे, आपण त्यात कशाला पडा, असे काही मैत्रिणींना वाटेल. पण न्यायाधीशांच्या पात्रतेची चर्चा आजवर न्यायालय, सरकार आणि वकील या तिघांतच झाली आहे. कोर्टात जिचे आयुष्य ठरते ती बाई त्या खटल्यात पक्षकार नव्हती. तिच्यासोबत लाकडी बाकावर तासन् तास आपणच बसतो. चांगला मॅजिस्ट्रेट कसा असतो आणि वाईट कसा, हे आपल्याइतके फार थोड्यांनी पाहिले असेल.

म्हणून विनंती अशी की प्रत्येक गटाने या तिमाहीत एक बैठक या विषयावर घ्यावी. आपल्याबरोबर कोर्टात गेलेल्या बायकांना बोलवावे, कायदा शिकणाऱ्या मुलींना बोलवावे, जमल्यास निवृत्त न्यायाधीशांनाही. न्यायाधीशाला काय यायला हवे, हे त्या बायकांच्या तोंडून लिहून घ्यावे. पुढच्या अंकासाठी ते पाठवावे. त्यातून एक निवेदन तयार करून आपण ते उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना आणि राज्याच्या विधी खात्याला देऊ. नियम त्यांनीच करायचे आहेत. पण ते करताना आपले म्हणणे त्यांच्या टेबलावर असले पाहिजे.